फोर्ड कॅप्री २.० लेझर : बॅज नंतर बघा, आधी पत्रा

जुनी गाडी घेतली म्हटलं की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'टॉप मॉडेल आहे का?' सांगलीहून काकांनी फोनवर हेच विचारलं आणि इथे इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत मित्रांनीही हेच. नाही, टॉप मॉडेल नाही. माझी फोर्ड कॅप्री १९८४ ची, २.० लेझर, म्हणजे दोन लिटरच्या इंजिनाची. हिच्या वर २.८ इंजेक्शन, तिच्या वर २.८ स्पेशल आणि सगळ्यांच्या डोक्यावर २८०. वसंतात घेतली, आता हिवाळा तोंडावर आलाय. इतके महिने चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: नुसती झाकून ठेवायला नाही तर चालवायला कॅप्री हवी असेल, तर दोन लिटरवाली घ्या आणि वरच्या मॉडेलचे वाचलेले पैसे पत्र्यावर घाला.

हे पटायचं असेल तर आधी मॉडेलांचा पसारा समजून घ्यावा लागतो, आणि कॅप्रीइतका पसारा त्या काळात क्वचितच कुठल्या गाडीचा असेल.

जानेवारी १९६९ मध्ये ब्रसेल्सच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत फोर्डच्याच मस्टँगने जो धंदा केला तो युरोपात करायचा, हा फोर्डचा हिशेब. खाली फोर्डच्याच कॉर्टिना-एस्कॉर्ट या गाड्यांच्या घराण्यातले साधे, खात्रीचे भाग. वर लांबलचक बॉनेट आणि मागे उतरत जाणारं टप. १३०० सीसीचे पैसे असोत की ३००० सीसीचे, शेजाऱ्याला दिसणारी गाडी तीच. १३०० वाल्याकडे घोडे (हॉर्सपॉवर) पन्नाशीच्या घरात, ३००० जीटीवाल्याकडे सव्वाशेच्या वर, आणि दोघांच्या दारासमोर आकार एकच. मला वाटतं, कॅप्री एवढी खपली त्याचं अर्धं श्रेय याला.

त्यावर पुन्हा अक्षरं. सुरुवातीच्या ब्रिटिश कॅप्रीला एल, एक्स आणि आर असे तीन पॅक मिळत. एल म्हणजे बाहेरचा साज: चकचकीत पट्ट्या, मागच्या चाकाच्या पुढे हवा आत घेतल्याचा देखावा करणारी खोटी जाळी, कुलपाचं पेट्रोल झाकण. एक्स म्हणजे आतली सोय: मागे रेलणाऱ्या सीटा, जादा हॉर्न, रिव्हर्सचे दिवे. आर म्हणजे रॅलीचा थाट: स्पोर्ट्स चाकं, पुढे जादा दिवे, चामडी स्टिअरिंग, नकाशा वाचायचा दिवा, काळं बॉनेट. हा आर फक्त जीटीवाल्यांना मिळे. एल आणि एक्स दोन्ही घेतले की एक्सएल, तिन्ही घेतले की एक्सएलआर. यातलं एकही अक्षर गाडीला तसूभर जास्त पळवत नव्हतं. स्विफ्ट घेताना एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआयच्या तक्त्यावर बोट फिरवणाऱ्या आपल्या पिढीला हे काही नवं नाही.

जर्मनीतल्या कॅप्रीचा संसार वेगळा. नाव तेच, पण तिकडे बॉनेटखाली व्ही ४ आणि फोर्डच्या कोलोन कारखान्याची छोटी व्ही ६ इंजिनं. शर्यतींसाठी कोलोनने इंजेक्शनवाली आरएस २६०० काढली, पुढे ब्रिटनमध्ये आरएस ३१०० आली. या दोन्ही आता संग्राहकांच्या गाड्या आहेत. तुमच्या-माझ्या कामाच्या नाहीत, म्हणून पुढे जातो.

फेब्रुवारी १९७४ मध्ये दुसरी पिढी आली आणि कॅप्री खऱ्या अर्थाने घरात वापरायची गाडी झाली, कारण मागे वर उघडणारा मोठा दरवाजा आला. इटलीतल्या घिया या बॉडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव सगळ्यात उंची मॉडेलला दिलं: टपावर व्हिनाइल, उघडणारं सनरूफ, मऊ सीटा. जीटीची जागा एसने घेतली, जरा कडक सस्पेन्शनची. घिया साहेबांची आणि एस पोरांची, असं साधारण गणित. मार्च १९७८ मध्ये तिसरी पिढी: चार गोल दिवे आणि त्यांच्यावर भुवईसारखी पुढे आलेली बॉनेटची कड. कॅप्री म्हटल्यावर आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाच चेहरा येतो. माझीही हीच.

१९८१ मध्ये जुनं तीन लिटरचं इंजिन गेलं आणि २.८ इंजेक्शन आली. एसेक्समधल्या डंटनच्या फोर्डच्या खास विभागाने ती तयार केली होती. बॉशचं यांत्रिक इंजेक्शन, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १६० घोडे, रुंद टायर, रेकारोच्या सीटा, ताशी २१० किलोमीटरच्या आसपास वेग. दुसरीकडे खालच्या टोकाला ग्राहक टिकवण्यासाठी कॅलिप्सो, कॅबरे, टेम्पो, कॅमिओ असल्या नावांच्या विशेष आवृत्त्या निघत राहिल्या. दोन रंगांची बॉडी, वेगळं कापड आणि किंमत बेताची.

१९८४ मध्ये सगळी झाडलोट झाली. मग उरल्या फक्त १.६ लेझर, २.० लेझर आणि २.८, आणि त्यानंतर लवकरच कॅप्री फक्त उजव्या स्टिअरिंगची, ब्रिटनपुरती बनू लागली. म्हणजे ज्या जर्मनीत ती बनत होती तिथल्याच लोकांना नवी मिळेना. डिसेंबर १९८६ मध्ये कोलोनच्या कारखान्यात शेवटची गाडी बनली, तोवर एकूण आकडा जवळपास १९ लाखांवर गेला होता. अखेरच्या १,०३८ गाड्या म्हणजे २८०: गडद ब्रुकलँड्स हिरवा रंग, चामडी सीटा, पंधरा इंची चाकं.

आता माझी गाडी. लेझर म्हणजे ग्रिल, आरसे आणि दिव्यांच्या कडा बॉडीच्याच रंगाच्या, अलॉय चाकं, पाच गिअर आणि समोर घड्याळांची पूर्ण रांग: वेग, आरपीएम, पेट्रोल, तापमान, तेलाचा दाब, बॅटरीचा व्होल्ट. काचा हाताने फिरवायच्या. पॉवर स्टिअरिंग नाही. एसी तर नाहीच, पण इथे मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, एसीची आठवण वर्षातून आठवडाभर येते, तेव्हा काच खाली करायची.

बसण्याची जागा हे या गाडीचं खरं देणं आहे. सीट खाली, पाय लांब, समोर बॉनेटचा फुगवटा. आजच्या उंच गाड्यांतून उतरून हिच्यात बसलं की पहिल्यांदा सगळेच हसतात. कव्हेंट्रीतून वॉरिकमार्गे कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांकडे उतरणारा ए ४२९ हा रस्ता मी हिच्यासाठी नेहमीचा करून टाकलाय. मॉर्टन-इन-मार्शपर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. ताशी ऐंशी-नव्वदला ही गाडी जेवढी मजा देते तेवढी आजची गाडी दुप्पट वेगालाही देत नाही, आणि दुप्पट वेगाला इथे परवाना जातो.

इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडर, ओव्हरहेड कॅम, शंभराच्या आसपास घोडे. लोक त्याला पिंटो म्हणतात. शून्यातून शंभर गाठायला दहा-अकरा सेकंद, म्हणजे सिग्नलवर कुठलीही साधी इलेक्ट्रिक गाडी हिला मागे टाकते. पण खालच्या आरपीएमला ओढ चांगली आहे. चौथ्यात टाकून गावातून निवांत जाता येतं. मोटरवेवर पाचव्यात ताशी ७० मैलांना आरपीएम तीन हजारांच्या आसपास राहतो, कान शाबूत राहतात. ॲव्हरेज लिटरला नऊ-दहा. पेट्रोल मात्र महागडं सुपर घालतो, कारण सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत असतं आणि जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे भाग त्याला फार दिवस तोंड देत नाहीत.

थंडीत सुरू करायची एक रीत आहे. वेबरच्या कार्ब्युरेटरला आपोआप चालणारा चोक असतो. ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा, मग पाय उचलून चावी फिरवायची. ही रीत माहीत नसलेला माणूस बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारत बसतो. बऱ्याच मालकांनी तो काढून हाताने ओढायचा चोक बसवलाय. मी अजून हात लावलेला नाही.

या इंजिनाचं एक दुखणं सगळ्या जाणकारांना ठाऊक आहे. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर तेल फवारणारी छोटी नळी असते. तेल वेळेवर बदललं नाही की तिची भोकं बुजतात आणि कॅम झिजतो. घेताना थंड इंजिन सुरू करून वरच्या बाजूने टकटक येते का ते नीट ऐका. माझ्या गाडीत तो भाग आधीच्या मालकाने बदलून घेतलेला होता, पावतीसकट. तेल मी लवकर-लवकर बदलतो. खर्च काहीच नाही.

मागचं सस्पेन्शन पाट्यांचं. होय, पाटे, आपल्या अँबॅसिडरच्या मागे असत तसे, आणि मध्ये सलग अॅक्सल. कोरड्या रस्त्यावर कळतही नाही. ओल्या चौकात दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जड पडला की मागचा भाग बाहेर पाहायला निघतो. कॅप्रीच्या २.८ बद्दल लोक जे किस्से सांगतात ते इथून येतात, कारण तिथेही मागे पाटेच आहेत, फक्त त्यांच्यावर साठ घोडे जास्त बसलेत. मागे ड्रम ब्रेक. आजच्या मानाने पाय जोरात द्यावा लागतो, आणि समोरच्या गाडीपासून अंतर ठेवायची जुनी सवय अंगी परत येते.

एका मित्राची २.८ आहे. आम्ही गाड्या अदलाबदल करून बऱ्यापैकी चालवल्या, म्हणून हे ऐकीव नाही. आवाज अप्रतिम. व्ही ६ ची ती घरघर लेझरला जन्मात येणार नाही, आणि ओव्हरटेक करताना फरक सरळ पाठीला कळतो. पॉवर स्टिअरिंगमुळे पार्किंगला ती उलट सोपी. पण पुढचं नाक जड आहे. वळणावर लेझर आधी वळते, २.८ जरा विचार करून वळते. शिवाय इंजेक्शनची यंत्रणा उभ्या गाडीला मानवत नाही: टाकीत गंज धरला की तो थेट महागड्या भागांत जातो, आणि तो दुरुस्त करणारे हात आता मोजकेच उरलेत. माझ्या कार्ब्युरेटरसाठी एक स्क्रू-ड्रायव्हर आणि रविवारची सकाळ पुरते. मित्राच्या चेहऱ्यावरून सांगतो, वळणांच्या रस्त्यावर चावी परत मागायची घाई त्याला नव्हती.

घरच्यांचं मत वेगळं. बायकोला घिया हवी होती, सनरूफ आणि मऊ सीटांसाठी. मुलं मागे बसतात, पण त्यांना चढवताना पुढची सीट ढकलून अंग चोरावं लागतं, आणि मागच्या काचा उघडत नसल्यामुळे उन्हात तक्रार सुरू होते. डिकी मात्र भरपूर. मागच्या सीटा आडव्या केल्या की मंडळाच्या गणपतीची आरास, दोन समया आणि प्रसादाचे डबे सगळं एका खेपेत जातं. असल्या दिसण्याच्या गाडीकडून ही अपेक्षा कुणी करत नाही.

मग पत्रा. सगळ्या कॅप्री एकाच जागी गंजतात, अक्षर कुठलंही असो. पुढचे मडगार्ड, बॉनेट उघडल्यावर दिसणारी शॉकअॅब्सॉर्बरची वरची बैठक, दाराखालची सिलं, दारांच्या तळाची कड, मागच्या चाकाची कमान, आणि खाली आडवं झोपून बघायची ती पाट्यांची मागची टांगणी. यातल्या बैठकीवर आणि टांगणीवर वेल्डिंग झालेलं असेल तर ते कुणी केलं आणि कसं केलं ते विचाराच. मी बघितलेल्या एका लखलखीत गाडीच्या कमानीला चुंबक धरला तर चिकटेना; आत पत्रा कमी, भरलेली लांबी (पुट्टी) जास्त. यांत्रिक सुटे भाग मिळतात, कारण इंजिन-गिअरबॉक्स कॉर्टिना आणि सिएराशी नातं सांगतात. पण कंपनीचे मूळ मडगार्ड हाती लागले तर ते सोन्याच्या भावाने विकले जातात.

आणि म्हणूनच बॅजवर विश्वास नको. २.८ ची किंमत लेझरच्या बरीच वर, २८० ची त्याहून वर, त्यामुळे साध्या गाडीवर हिरवा रंग आणि चामडी सीटा चढवणारेही निघतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. बॉनेटखालची चॅसिसची पाटी आणि नोंदणीचे कागद जुळतात का ते बघा आणि २८० असेल तर ओनर्स क्लबकडून नंबर पडताळून घ्या. सुदैवाने खोटी लेझर बनवण्याइतका रिकामा वेळ कुणाकडे नाही.

एक सरकारी फायदाही सांगून ठेवतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं पूर्ण झालेली गाडी ऐतिहासिक वर्गात जाते. १ जानेवारी १९८५ च्या आधी बनलेल्या गाड्या एप्रिल २०२५ पासून या वर्गाला पात्र झाल्या. अर्ज करून वर्ग बदलून घेतला की रस्ताकर शून्य, गाडीत मोठे फेरफार केले नसतील तर गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही, आणि बर्मिंगहॅमच्या स्वच्छ हवा क्षेत्रात किंवा लंडनच्या युलेझ या कमी प्रदूषणाच्या क्षेत्रात रोजचं शुल्क नाही. लेझर १९८४ मध्येच सुरू झाल्यामुळे अगदी सुरुवातीच्या काही लेझरच यात आधी बसल्या. १९८५ पासूनच्या वर्षावर्षाने बसतील. घेताना नोंदणीच्या तारखेवर थांबू नका, बनल्याची तारीख तपासा. एमओटी मी तरीही करून घेणार आहे. पाट्यांची टांगणी कुणीतरी वर्षातून एकदा लिफ्टवर घेऊन, टॉर्च लावून बघायलाच हवी, आणि ते माझ्या गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकून होत नाही.