गिंप 3.0 – आठ महिने रोज वापरल्यावर

मंडळाची सर्टिफिकेटं, लग्नपत्रिका, दुकानांचे फ्लेक्स, सगळं मी गिंपवरच करतो, म्हणजे फोटो-डिझाइन करायच्या मोफत सॉफ्टवेअरवर. 3.0 मार्च 2025 मध्ये आलं, महिनाभरात मी टाकलं, तेव्हापासून रोज तेच उघडतो.

त्याआधीची मोठी आवृत्ती 2.10 आली होती एप्रिल 2018 ला, म्हणजे मधे जवळपास सात वर्षं. लोक म्हणायचे प्रोजेक्ट थंड पडला, पण खरं काम आतून चाललं होतं, जीटीके 2 (खिडक्या, बटणं, मेनू दाखवणारी लायब्ररी) काढून जीटीके 3, स्क्रिप्ट लिहायची भाषा पायथन 2 काढून पायथन 3, आणि बिल्डसाठी, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम बांधायला, ऑटोटूल्स काढून मेसन. जीटीके मुळात गिंपसाठीच जन्माला आलं, त्याची दुसरी आवृत्ती 2002 ची, आणि डिसेंबर 2020 ला जीटीके 4 आल्यावर तिचा सपोर्टही संपला. माझ्या 4के लॅपटॉपवर 2.10 चे आयकॉन इतके बारीक दिसायचे की संध्याकाळपर्यंत डोळे दुखायचे, ते आता पूर्ण थांबलं.

पायथनचं मात्र मला भोगावं लागलं. माझी एक स्क्रिप्ट होती, यादीतून एकेक नाव उचलून सर्टिफिकेटवर टाकायची आणि पीएनजी काढायची, दीडशे सर्टिफिकेटं चहा होईपर्यंत तयार. उबंटू 20.04 (लिनक्सची एक आवृत्ती) ला गेलो तर पायथन-फू, म्हणजे गिंपमध्ये पायथन स्क्रिप्ट चालवायची सोय, मेनूतून गायब, कारण पायथन 2 जानेवारी 2020 लाच संपलं होतं, म्हणून गिंपचं फ्लॅटपॅक (सगळं सोबत घेऊन येणारं पॅकेज) घेऊन ढकलत राहिलो. 3.0 वर ती चाललीच नाही. दोन रविवार बसलो. प्रिंटला कंस लावणं सोपं होतं हो, पण पीडीबीचे (गिंपच्या आतल्या कामांची यादी, स्क्रिप्ट तिथूनच काम करवून घेते) जुने कॉल जाऊन सगळं नव्या पद्धतीने लिहावं लागलं, आणि मेनूत नाव येईना ते वेगळंच. शेवटी कळलं की प्लगइन (माझी स्क्रिप्ट म्हणजे तेच) आता स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवायचा, फोल्डरचं नाव फाइलच्या नावासारखंच, वर एक्झिक्युट परमिशन. बोर्डे.पीवाय असेल तर बोर्डे नावाचं फोल्डर, बस. आता ती जुन्यापेक्षा वाचायला सोपी झालीय, आणि पायथन आपोआप गायब होईल ही भीती गेली.

सोर्समधून बिल्ड पण करून बघितलं. आधी बॅबल, मग गेगल (गिंपला लागणाऱ्या दोन लायब्ररी), मग गिंप, कारण माझ्या लिनक्समधलं गेगल जुनं होतं. प्रीफिक्स (इन्स्टॉल कुठे करायचं ते) होममधल्या फोल्डरला दिला आणि पीकेजी-कॉन्फिगचा (लायब्ररी शोधणारं साधन) पाथ सेट केला की मेसन सेटअप सुरुवातीलाच काय कमी आहे ते स्पष्ट सांगतं. पूर्वी ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक करताना अर्ध्या तासाने कुठेतरी अडायचं. मेसनसोबतचं प्रत्यक्ष बांधणारं निंजा प्रोसेसरचे सगळे कोर आपणहून वापरतं, आणि एक फाइल बदलली तर तेवढंच परत बांधतं, हे मला फार आवडलं.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त फायदा लेयरवर न चिकटणाऱ्या, म्हणजे नंतर बदलता-काढता येणाऱ्या फिल्टरचा. पूर्वी नावावर ड्रॉप शॅडो टाकली की मजकूर बदलताना ती जायची, आता "कु." चं "सौ." केलं तरी सावली तशीच राहते.

वैताग एवढाच की 2.10 चे जुने प्लगइन जसेच्या तसे चालत नाहीत, तुमचा पोट भरायचा प्लगइन असेल तर तो पोर्ट झालाय का बघूनच अपग्रेड करा, दोन्ही आवृत्त्या काही दिवस शेजारी ठेवा. आणि असे फिल्टर असलेल्या एक्ससीएफ (गिंपच्या स्वतःच्या फाइल) 2.10 मध्ये उघडत नाहीत, माझ्या फ्लेक्सवाल्याकडे अजून तेच आहे, त्याला मी टिफ पाठवतो.