मॅफ सेन्सर क्लीनर स्प्रे : काही महिने वापरल्यानंतर

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मॅफ सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) बदलायचा हट्ट धरला नसता तर हा डबा मी घेतलाच नसता. गाडी आयडलला थरथरायची, ॲक्सिलरेटर दाबला की आधी गचका आणि मग पिकअप. स्कॅनरवर कोड पी 0171, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एवढ्यावरून, सेन्सर बाहेरही न काढता, "गेलाय, नवीन टाका" असा निकाल! नव्या सेन्सरच्या पैशांत असे कितीतरी डबे येतील. म्हटलं, आधी धुऊन तर बघू.

काम किरकोळ आहे. इंजिन गार, इग्निशन बंद, कनेक्टर काढा, स्क्रू सोडवा (माझ्याकडचे टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचे निघाले, मध्ये खुंटी असलेले, त्याला भोकाचा बिट लागतो). आतल्या तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही. फक्त फवारा, आणि पुढे पूर्ण वाळेपर्यंत धीर. घरात पडलेला कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर इथे मारू नका. तो मागे थर सोडू शकतो, प्लास्टिकही खातो.

आता त्या लाल नळीबद्दल. डब्याला टेपने चिकटवून देतात ती. नोझलमध्ये घट्ट बसतच नाही. पहिल्याच फवाऱ्याला उडाली आणि बॅटरीच्या मागे जाऊन पडली. नळीशिवाय मारलं तर निम्मा स्प्रे हवेत जातो, आणि हा काही फुकट मिळत नाही. टेप एकदा सुटला की ती ठेवायला डब्यावर साधी खाचही नाही. इतकं शुद्ध रसायन बनवणाऱ्यांना एक क्लिप सुचू नये?

परिणाम मात्र झकास. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर राखायला इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) +17 वरून +5 वर आला, थरथर गेली. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग काही आठवड्यांनी गचके परत सुरू. ट्रिम पुन्हा चढलेला. डब्याला चार शिव्या घातल्या, पण दोष त्याचा नव्हता. गाडी सेकंडहँड, आणि आधीच्या मालकाने धुऊन वापरायचा, तेल लावलेला कापडी एअर फिल्टर बसवला होता. जास्तीचं तेल हवेबरोबर येऊन तारेवर बसत होतं. ही तार तापवलेली असते. येणारी हवा तिला जितकी गार करते तितका करंट लागतो, त्यावरून ईसीयू हवा मोजतो. तारेवर थर बसला की ती कमी गार होते, हवा कमीच आली असं वाटून पेट्रोलही कमी सुटतं. (जुन्या काही हॉट वायर सेन्सरमध्ये इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर लालबुंद करून मळ जाळायची सोय होती. चांगल्या गोष्टी काढून का टाकतात कोण जाणे.) साधा कागदी फिल्टर टाकला, सेन्सर परत धुतला. तेव्हापासून ट्रिम जागचा हललेला नाही.

म्हणून आता चार तारे. पाचवा नळीने खाल्ला.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. बऱ्याच गाड्यांना मॅफ नसतोच, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे ही तारच नाही. आणि ट्रिम आयडलला खूप वर, पण रेस धरल्यावर खाली येत असेल, तर बहुधा सेन्सर आणि इंजिनाच्या मध्ये कुठेतरी गळती आहे, तिथून न मोजलेली हवा आत शिरतेय. तिथे स्प्रे वाया घालवू नका, रबरी पाइप आणि क्लॅम्प हाताने चाचपून बघा, ते फुकट आहे.