जुनंच एमसीसी पॅनेल, नवे फीडर: एका गळीत हंगामानंतर

आमच्या साखर कारखान्याच्या बॉयलर विभागातलं एमसीसी पॅनेल, म्हणजे सगळ्या मोटर जिथून चालू-बंद होतात ते कपाट, 1994 सालचं. गेल्या पावसाळ्यात ते भंगारात काढायचं की आतलं सामान तेवढं बदलायचं, यावर महिनाभर खल झाला. शेवटी सांगाडा, बसबार (पॅनेलभर वीज पोचवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि केबल जुन्याच ठेवल्या. 22 पैकी 18 फीडरचे, म्हणजे एकेका मोटरच्या कप्प्याचे, स्विच-फ्यूज, काँटॅक्टर आणि मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारे रिले नवे घातले. नोव्हेंबरात मोळी टाकल्यापासून मार्चअखेर पट्टा पडेपर्यंत पॅनेल रात्रंदिवस चाललं. आता सगळं उघडून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

सगळे आधी पैशाचं विचारतात. नव्या पॅनेलच्या निम्म्याहून कमी खर्च आला, पण निर्णय झाला तो केबलवर. जुन्या केबल ट्रेंचमधून वर येऊन आपापल्या फीडरपाशी बरोब्बर मापात संपतात. नव्या पॅनेलची टर्मिनलं वीतभर जरी सरकली, तरी केबल तोकडी पडते. मग एकेकीला जॉइंट मारा, नाहीतर नवी ओढा. त्यात ट्रेंचमध्ये गुडघाभर पावसाचं पाणी.

खरा फरक पडला तो बायमेटल (तापून वाकणाऱ्या पट्टीचे जुने रिले) काढून इलेक्ट्रॉनिक रिले घातल्यामुळे. पूर्वी मोटर ट्रिप झाली की वायरमन जायचा, रीसेट दाबायचा, पुन्हा चालू. कशानं गेली ते देवाला ठाऊक. आता रिलेच सांगतो: फेज गेला, करंट अनबॅलन्स आहे, रोटर जॅम झाला की अर्थ फॉल्ट. डिसेंबरात राखेच्या कन्व्हेयरची मोटर एकाच रात्रपाळीत तीनदा अनबॅलन्सवर गेली. टर्मिनल बॉक्स उघडला तर केबलच्या टोकाचा एक लग सैल. दहा मिनिटांचं काम. एरवी हीच मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली असती आणि सकाळी रिवाइंडिंगवाल्याकडे गेली असती.

पहिले पंधरा दिवस मात्र भरपूर शिव्या खाल्ल्या. जुन्या बायमेटलची सेटिंग कुणी ना कुणी वर्षानुवर्षं वर सरकवून ठेवलेली. नवे रिले नेमप्लेटप्रमाणे लावल्यावर ट्रिपिंग एकदम वाढलं आणि सगळे रिलेच्या नावानं बोटं मोडू लागले. दोष निघाला दोन पंपांच्या बेअरिंगमध्ये. उलटा प्रकारही झाला. स्टार-डेल्टावरच्या (आधी स्टार जोडणीत सुरू होऊन मग डेल्टात जाणाऱ्या) 55 किलोवॅटच्या मोटरची नेमप्लेट 97 अँपिअरची, म्हणून कंत्राटदाराच्या पोरानं रिलेही 97 वर लावला. रिले बसलाय डेल्टाच्या आत, तिथून लाइनच्या 58 टक्केच करंट जातो. सेटिंग हवं 56 च्या आसपास. मोटर हाताला चटका देईपर्यंत तापली तरी रिले ढिम्म! काम ताब्यात घेताना प्रत्येक स्टार-डेल्टा फीडरचं सेटिंग स्वतः बघा, कागदावर विश्वास ठेवू नका.

आमची स्वतःची मोठी चूक वेगळीच. फीडरची ट्रॉली (बाहेर ओढता येणारा कप्पा) आत ढकलल्यावर उभ्या बसबारला पकडणारे स्प्रिंगचे काँटॅक्ट आम्ही नवे घेतले, पण बसबारवर ते जिथे घासून बसतात तिथला मुलामा उडालाय, हे कुणी पाहिलंच नाही. जानेवारीत एका फीडरमधून करपल्याचा वास यायला लागला. थर्मल कॅमेरा लावला तर एक फेज शेजारच्या दोघींपेक्षा 40 अंशांनी गरम. क्लीनिंगच्या बंदपर्यंत त्या पंपावरचा लोड कमी करून कसेबसे दिवस काढले. कोटेशनमध्ये बसबारच्या तपासणीची ओळच नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती.

आता आयडी फॅन, म्हणजे भट्टीतला धूर ओढून चिमणीकडे नेणारा पंखा. 110 किलोवॅट, आधी स्टार-डेल्टावर पूर्ण वेगानं फिरायचा आणि ड्राफ्ट, म्हणजे धुराची ओढ, डँपरच्या झडपेनं आवळायचा. त्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावला. डँपर आता पूर्ण उघडा, ड्राफ्ट वेगावर. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे घटते, म्हणजे 80 टक्के वेगाला जवळपास निम्मीच. बॉयलर अटेंडंट म्हणतो, रात्री पहिल्यांदाच समोरच्याचं बोलणं ऐकू येतं.

ड्राइव्ह जुन्या कप्प्यात कोंबायचा आग्रह कंत्राटदारानं धरला होता. आम्ही ऐकला नाही. एवढा ड्राइव्ह चालताना दोन-तीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि आमच्याकडे हवेत बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा. त्याला वेगळी बंद खोली आणि एसी दिला. जुन्या फीडरमधून नुसता सप्लाय जातो. मोटरच्या बाजूला पॉवर फॅक्टरसाठी कधीकाळी जोडलेला कपॅसिटर होता, तो आमच्या म्हाताऱ्या वायरमनमामांना आठवला म्हणून वेळेत निघाला. ड्रॉइंगमध्ये तो नव्हताच. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर राहिला असता तर पहिल्याच दिवशी फटाका. मोटर जुनी, दोनदा रिवाइंड केलेली आणि केबल लांब, म्हणून ड्राइव्हच्या व्होल्टेजचे झटके मऊ करणारा आउटपुट चोकही घातला.

तक्रार एकच. ऊस फोडणाऱ्या फायब्रायझरवर एकदम ऊस आला की व्होल्टेज बसतं आणि ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर बंद पडायचा. आयडी फॅन थांबला की भट्टीचा धूर थेट फायरिंग फ्लोअरवर. फिरत्या पंख्याला त्याच वेगावर पकडून पुन्हा उचलण्याचं सेटिंग ड्राइव्हमध्ये असतं, ते बंदच ठेवलेलं होतं. चालू केल्यापासून बंद पडला तरी काही सेकंदांत सावरतो.

सध्या पाऊस आहे. पॅनेलचे स्पेस हीटर चालू आहेत आणि ड्राइव्हला दर महिन्याला काही तास सप्लाय देतो, नाहीतर आतले कपॅसिटर महिनोन्‌महिने व्होल्टेजशिवाय पडून खराब होतात. उरलेले चार फीडर या ऑफ सीझनला घेतोय. या वेळी कोटेशन मागवायच्या आधी बसबारचे फोटो काढून ठेवलेत.