सोलापुरातली थायरॉइड पॅकेजेस: कोड असलेल्यांनी नेमकं काय मागावं

कोड, म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, असलेल्या माणसाला त्वचेचे डॉक्टर 'थायरॉइड करून घ्या' म्हणतात. तो जवळच्या लॅबच्या काउंटरवर जातो आणि 'थायरॉइड करायचंय' एवढंच सांगतो. मिळतं ते ठरलेलं थायरॉइड प्रोफाइल: टी-३, टी-४ (थायरॉइडची संप्रेरकं) आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड मंदावलं की ते वाढतं). जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की अशोक चौक, फलक बदलतो, पॅकेज बहुधा हेच. इतरांना ते चालून जाईल, कोड असलेल्यासाठी मात्र ते अपुरं आहे, कारण त्यात अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरोधी अँटीबॉडीची चाचणी, नसते.

कोडात आपल्याच रोगप्रतिकारशक्तीतल्या सीडी-८ टी पेशी त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींना मारतात. हाशिमोटो थायरॉइडायटिसमध्ये ही प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते. पीटीपीएन-२२, सीटीएलए-४ अशा काही जनुकांतले बदल दोन्ही आजारांत सापडतात. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद केली, तर कोड असलेल्या साधारण सातांपैकी एकाला असा थायरॉइडचा आजार असतो, आणि पाचांपैकी एकाच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटीबॉडी सापडतात. बायकांत हे प्रमाण जास्त आहे आणि वयाबरोबर ते वाढतं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येणारं सेगमेंटल कोड असेल तर हा संबंध बराच सैल असतो. बहुतेकदा डाग आधी येतात आणि थायरॉइड काही वर्षांनी बिघडतं. त्यामुळे आज टीएसएच नॉर्मल आलं म्हणजे विषय मिटला, असं धरता येत नाही. पुढचा धोका अँटी-टीपीओवरून कळतो.

म्हणून काउंटरवर पॅकेजचं नाव न घेता 'टीएसएच आणि अँटी-टीपीओ, एवढंच' असं सांगावं. टीएसएच मर्यादेबाहेर आलं तर त्याच सिरमवर (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावर) फ्री टी-४ (प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं टी-४) लावता येतं, दुसऱ्यांदा सुई टोचायची गरज नसते. 'नमुना ठेवून द्या, लागलं तर फ्री टी-४ लावू' हे आधीच बोलून ठेवावं, कारण काही ठिकाणी सिरम लवकर टाकून देतात. प्रोफाइलमधल्या टी-३चा इथे जवळपास काहीच उपयोग नाही. थायरॉइड मंदावताना टी-३ शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतं. एकूण टी-४ गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आपोआप वाढलेलं दिसतं, कारण रक्तात ते वाहून नेणारं प्रथिन वाढतं. फ्री टी-४ला हा दोष कमी लागतो. अँटी-टीपीओ टीएसएचपेक्षा बरंच महाग आहे हे खरं, पण ते वारंवार करायचं नसतं. पॉझिटिव्ह आलं की दर वर्षी आकडा किती वाढला ते बघण्यात पैसे घालवू नयेत, त्यावर उपचार ठरत नाही.

'फुल बॉडी'वाली सत्तर-ऐंशी चाचण्यांची पॅकेजेस कोडाच्या निमित्ताने घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांतही थायरॉइडच्या नावाखाली बहुतेकदा तेच तीन आकडे असतात. कोडासोबत आणखी काही बघायचंच असेल तर सीबीसी, बी-१२ आणि उपाशीपोटीची साखर बघावी, तीही डॉक्टरांनी लिहून दिली तर.

घरी येऊन रक्त नेण्याची सेवा सोयीची आहे, विशेषतः पूर्व भागात, जिथे विडी वळणारी किंवा यंत्रमागावर जाणारी बाई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून लॅबमध्ये जाऊ शकत नाही. पण या सेवेचा दर्जा दारातच ओळखावा लागतो. पिवळ्या झाकणाची जेल असलेली किंवा लाल झाकणाची ट्यूब, त्यात दोन-तीन मिली रक्त, आणि ट्यूबवर नाव, वय, वेळ तुमच्यासमोरच लिहिलेली, एवढं झालं पाहिजे. लेबल खिशात ठेवून 'लॅबमध्ये लावतो' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावं. त्याच्या पिशवीत वीस घरांच्या ट्यूब असतात.

उन्हामुळे नमुना खराब होईल ही भीती सोलापुरात साहजिक आहे, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वरच असतो. टीएसएच आणि अँटी-टीपीओ त्या मानाने टिकाऊ आहेत. अर्ध्या तासात रक्त गोठतं, मग सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळं काढलं आणि २ ते ८ अंशांत ठेवलं, तर ते पुण्या-मुंबईला पाठवूनही आकडे भरवशाचे येतात. गाडीच्या डिकीत तासन् तास तापलेल्या ट्यूबमध्ये बिघडतात ते साखर आणि पोटॅशियम: साखर खोटी कमी येते, पोटॅशियमचा आकडाही भरवशाचा राहत नाही. साखर करायची असेल तर तिच्यासाठी राखाडी झाकणाची वेगळी ट्यूब घेतात ना, तेवढं बघावं.

वेळेबाबत मात्र लॅब बेफिकीर असतात. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतं. सकाळी सातची वेळ देऊन माणूस साडेबाराला आला, तर सीमेवरचा आकडा नॉर्मलमध्ये सरकू शकतो. टीएसएचला उपाशी राहायची सक्ती नाही, पण दर वेळी साधारण एकाच वेळी आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्यावं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.

सर्वांत मोठी चूक घडते ती न विचारलेल्या प्रश्नामुळे, आणि तो प्रश्न आहे बायोटिन या जीवनसत्त्वाचा. केस-त्वचेसाठी म्हणून ५ किंवा १० मिलीग्रॅम बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही मात्रा शेकडो पट झाली. ज्या मशीनची चाचणी बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवर चालते, तिथे एवढ्या बायोटिनने टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-४ खोटं जास्त दिसतं. काही मशीनवर अँटी-टीपीओही खोटं वाढतं. नसलेला ग्रेव्ह्ज आजार (ज्यात थायरॉइड जास्त काम करतं) कागदावर उमटतो आणि धडधाकट माणूस थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्यांपर्यंत पोचू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. बायोटिन किमान दोन दिवस आधी बंद हवं, मात्रा मोठी असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधी. जी लॅब हे स्वतःहून विचारते, ती चांगली समजावी. डाग झपाट्याने पसरताना आठवड्यातून दोन दिवस स्टेरॉइडच्या मिनी-पल्स गोळ्या देतात. त्याही टीएसएच दाबतात, म्हणून चाचणीचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा.

एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, बोधचिन्ह दिसलं की लोक निर्धास्त होतात. चिन्ह लॅबला असलं तरी मान्यता एकेका चाचणीपुरती असते, म्हणून तुमची चाचणी त्या यादीत आहे का ते विचारावं. गल्लीतलं कलेक्शन सेंटर फक्त रक्त घेतं, चाचणी कुठे होते ते रिपोर्टच्या तळाशी बघावं.

आता रिपोर्ट. समजा टीएसएच ३.१ आणि अँटी-टीपीओ २८०, लॅबची मर्यादा ३४. दुसऱ्या लॅबची मर्यादा ९ किंवा ६० असू शकते, म्हणून दोन लॅबचे अँटी-टीपीओ शेजारी ठेवून घाबरू नये. असा रिपोर्ट म्हणजे ग्रंथीवर हल्ला चालू आहे, पण काम अजून नीट चाललंय. यावर गोळी सुरू करायची नसते. वर्षातून एकदा टीएसएच करायचं. ईशान्य इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत, नुसत्या अँटीबॉडी असलेल्या बायकांपैकी वर्षाला शंभरात साधारण दोघींचं थायरॉइड मंदावलं. टीएसएचही वाढलेलं असेल तर वर्षाला चौघींचं. थकवा, वजन वाढणं, पाळी बिघडणं, थंडी सोसेनाशी होणं असं काही दिसलं तर वर्ष संपायची वाट बघू नये. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना अँटी-टीपीओचा रिपोर्ट दाखवावा, गरोदरपणात टीएसएचवर जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं.

टीएसएच १०च्या वर गेलं की बहुधा लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू होतं. ती गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचं. मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करायचं, त्याआधी केलेल्या चाचणीचे पैसे वाया जातात. या गोळीने डाग भरत नाहीत. डागांसाठी नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील प्रकाशाचे शेक), टॅक्रोलिमस मलम असे उपचार वेगळे चालू ठेवावे लागतात. 'थायरॉइड बरं करून कोड घालवतो' असं सांगणाऱ्याकडे एक रुपयाही देऊ नये. आयोडीनचे थेंबही कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. घरचं आयोडीनयुक्त मीठ पुरेसं आहे, जादा आयोडीनने हाशिमोटो बळावू शकतो.

ज्यांना खासगी दर परवडत नाहीत त्यांनी आधी सिव्हिलला केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवावं आणि चाचणी तिथे होते का ते विचारावं. रोजंदारीच्या घरात हा प्रश्न आधी विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

लहान मुलांच्या रिपोर्टबाबत एक तक्रार कायम राहते. कोड असलेल्या मुलांचंही थायरॉइड तपासायला हवं, पण बऱ्याच रिपोर्टवर मर्यादा छापलेली असते ती मोठ्यांची. मुलांत, विशेषतः लहान वयात, टीएसएचची वरची मर्यादा थोडी जास्त असते. रिपोर्टवर लाल खूण दिसली म्हणून लगेच औषधाच्या दुकानात न जाता वयानुसारची मर्यादा छापून मागावी, आणि तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावं.