‘ओरिजनल ट्रिटियम’ म्हणून विकलेला रंग: पिस्तुलाच्या नाइट साइट घेणाऱ्यांनी वाचावे

नाशिक शहरात आणि पिंपळगाव, दिंडोरीकडच्या पट्ट्यात एक माणूस लायसनधारकांना गाठून पिस्तुलाच्या ‘ओरिजनल ट्रिटियम’ नाइट साइट, म्हणजे नेम धरायच्या, अंधारात चमकणाऱ्या खुणा, विकत फिरतो आहे. मला त्याने अडतीस हजारांची टोपी घातली. युक्ती इतकी साधी आहे की कळल्यावर हसू येते, पण समोर बसून बघताना भलेभले माना डोलावतात. म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

माझा द्राक्षाचा व्यापार. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत खुडणी जोरात असली की पॅकिंग शेडवरून निघायला मध्यरात्र होते आणि मजुरीचे, वाहतुकीचे पैसे जवळ असतात. लायसन त्यासाठी आहे. (बिबट्यासाठी नाही. आमच्याकडे उसात बिबटे आहेत हे खरे, पण त्यांच्यासाठी वनखात्याला फोन करायचा असतो.) पिस्तूल वडिलांकडून रीतसर माझ्या नावावर झालेले, वॉल्थर पीपी, ७.६५ मिलिमीटर, म्हणजे आपण ज्याला बत्तीस बोअर म्हणतो ते. हे मॉडेल १९२९ सालापासूनचे. तेव्हाच्या पिस्तुलांच्या साइट म्हणजे काळ्या लोखंडाचा बारीकसा उंचवटा आणि मागे एक खाच. दिवसा काम भागते, संध्याकाळी सातनंतर पुढची साइट कुठे आहे हे हाताने चाचपावे लागते. मी नाइट साइटची चौकशी करतो आहे, ही गोष्ट नेमबाजीच्या रेंजवरच्या दोघा-तिघांना ठाऊक होती. तिथूनच कुणीतरी माझा नंबर दिला असणार.

गडी ऑफिसात आला तो इस्त्रीचा शर्ट, हातात चामडी बॅग, बोलणे आर्जवी. ‘शेठ, वस्तू बघा, घेऊ नका, नुसती बघा.’ बॅगेतून त्याने एक काळी डबी काढली, अंगठीच्या डबीपेक्षा थोडी मोठी. झाकण उघडले की झाकणातला छोटा पांढरा दिवा आपोआप लागतो आणि आत मखमलीवर तीन ठिपक्यांचा सेट बसलेला: पुढच्या तुकड्यावर एक ठिपका, मागच्यावर दोन. डबी उघडी ठेवून तो पाच-सात मिनिटे बोलत राहिला. अमेरिका, इस्रायल, कमांडो, सगळे झाले. मग म्हणाला, ‘आता लाइट घालवा, पडदे ओढा.’ डबीतून तुकडे काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवले. पोपटी हिरवे, लखलखीत. माझा मुनीम शेजारी उभा होता, त्याच्या तोंडून ‘बाप रे’ निघाले.

आता त्या डबीकडे परत बघा. झाकणातला दिवा शोभेचा नव्हता. तो ठिपक्यांना उजेड पाजत होता.

चमकणाऱ्या साइटचे प्रकार मुख्यतः तीन. एक, अंधारात चमकणारा रंग. हा आधी उजेड पितो आणि मग तो सोडतो. गणपतीच्या मखराला किंवा मुलांच्या खोलीच्या छताला चिकटवायच्या चांदण्या असतात तेच तत्त्व. हल्ली त्यात बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते. पहिली काही मिनिटे डोळे दिपतात, मग उजेड भराभर उतरतो. दुसरा, फायबर ऑप्टिक. प्लॅस्टिकची रंगीत काडी आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाला आणते. दिवसा फार सुंदर, काळोखात शून्य. तिसरा, ट्रिटियम. हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ. काचेच्या इवल्याशा नळीत हा वायू कोंडतात, नळीला आतून फॉस्फर, म्हणजे किरण आदळले की उजळणारी भुकटी, लावतात, वायूतून निघणारे इलेक्ट्रॉन त्या फॉस्फरवर आदळत राहतात आणि नळी स्वतःच उजळते. तिला ऊन नको, बॅटरी नको, टॉर्च नको. ते किरण इतके दुबळे असतात की नळीची काचही ओलांडत नाहीत.

यातली गंमत अशी की खरे ट्रिटियम पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशाच होते. ट्यूबलाइटखाली ते चमकताना दिसतच नाही. अंधारात डोळे सरावले की मंद, शांत हिरवा ठिपका दिसतो. नुकताच उजेड प्यालेला रंग त्याच्यापेक्षा कितीतरी झगझगीत असतो. म्हणजे ज्या झगमगाटाला भुलून आपण ‘ओरिजनल’ म्हणतो, तोच झगमगाट माल दुसरा असल्याची खूण. दुकानदारीत असे क्वचित होते की नकली माल अस्सलपेक्षा देखणा निघावा आणि त्याच देखणेपणावर खपावा.

भाव त्याने पंचेचाळीस सांगितला, अडतीसवर तुटला. वीस यूपीआयने, बाकी रोख. यूपीआयचा क्यूआर त्याच्या नावाचा नव्हता, कुठल्यातरी मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचा होता. ‘पार्टनरचा आहे शेठ’ म्हणाला. बिल ‘दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर’. वॉरंटी ‘लाइफटाइम’. आणि फिटिंग फुकट, ‘फक्त हत्यार एक रात्र आमच्या माणसाकडे ठेवा’. पिस्तूल देण्याला मी साफ नाही म्हटले. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती किंवा फेरफार करायलाही परवाना लागतो, आणि विनापरवाना माणसाच्या हाती हत्यार सोपवले तर प्रकरण आपल्यावरच शेकते. त्याने फार ताणले नाही. डबी टेबलावर ठेवून गेला.

त्या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री-फेज वीज रात्रीची होती. मोटर बघायला उठलो तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले असतील. खोलीत काळोख, उशाशी तो सेट उघडाच ठेवलेला. निजताना बघितले तेव्हा हिरवा होता. आता काही नाही. डोळे ताणून पाहिल्यावर राखेसारखा एक धूसर डाग. सकाळी खिडकीत पाच मिनिटे ठेवला, गोधडीत डोके घालून पाहिले तर पुन्हा पोपटी!

फोन केला. तो म्हणाला, ‘नवीन माल आहे शेठ, ट्रिटियमला सुरुवातीला चार्जिंग लागतं. आठवडाभर उन्हात ठेवा, मग कायमचं पकडतं.’ हे वाक्य कुणी तुमच्याशी बोलले तर तिथेच उठा. ट्रिटियम चार्ज होत नाही. ते झिजते, आणि झिजण्याचा त्याचा हिशेब पक्का आहे: अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षे. आज जेवढा उजेड आहे त्याच्या निम्मा बारा वर्षांनी, पाव चोवीस-पंचवीस वर्षांनी. म्हणूनच ‘लाइफटाइम चमक’ ही वॉरंटी निसर्गालाही देता येणार नाही. चांगल्या कंपन्या उजेडाची हमी ठरावीक वर्षांचीच देतात, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी उत्पादनाचे साल विचारते.

मग मी सराफ बाजारात गेलो. आमचे नेहमीचे सराफ काका हिरे बघायचे भिंग डोळ्याला लावून बसले आणि तुकडा फिरवत म्हणाले, ‘अहो, हे तर भरलेलं भोक आहे.’ मीही पाहिले. खऱ्या साइटमध्ये भोकात काचेची नळी बसवलेली असते, तोंडाशी पारदर्शक खडा किंवा काच, भोवती बहुतेक वेळा पांढरी कडी; खोलवर नळीचे गोल तोंड दिसते. इथे लोखंडाला पाडलेल्या भोकात पिवळट लगदा आणि वर पारदर्शक गोंदाचा थेंब. त्या थेंबात सुईच्या टोकाएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. एका ठिपक्याचा गोंद कडेने ओघळून वाळलेला. अस्सल मालावर कंपनीचे नाव आणि ट्रिटियमची खूण, म्हणजे एच आणि तीन, कोरलेली असते. इथे एका बाजूला कंपनीचे नाव होते, पण कोरलेले नाही, छापलेले. काकांनी नखाने घासले तर एक अक्षर निघून आले.

उरलेली शंका परवानाधारक बंदूक दुकानातल्या चाचांनी फेडली. त्यांनी पुढचा तुकडा उलटा केला आणि पोटातले आट्यांचे भोक दाखवले. ‘बेटा, ये तो ग्लॉक के नाप का है.’ ग्लॉक ही पिस्तुलाची दुसरी कंपनी. तिच्या पिस्तुलाच्या स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या लोखंडाला, पुढे आरपार भोक असते, आतून बारीक स्क्रू घालून साइट आवळतात. माझ्या वॉल्थरची पुढची साइट स्लाइडच्याच लोखंडात घडवलेली आहे, ती निघतच नाही. बदलायची तर वडिलांच्या पिस्तुलाची स्लाइड कापावी लागेल. परदेशातल्या बहुतेक नाइट साइट ज्या पिस्तुलांसाठी निघतात ती ९ मिलिमीटरची, आणि ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. सामान्य लायसनवर मिळत नाही. ‘सगळ्या पिस्तुलांना बसते’ असे म्हणणारा माणूस एक तर अडाणी किंवा लबाड. मागच्या साइटची खाच प्रत्येक मॉडेलची वेगळी, पुढचीची उंची वेगळी. पुढची साइट मूळपेक्षा उंच बसली तर गोळी खाली लागते, बुटकी बसली तर वर. कानस मारून बसवतो म्हणणाऱ्याला हे विचारून बघा.

चाचांनी आणखी एक सांगितले ते मला जास्त मोलाचे वाटले. तिन्ही ठिपके एकाच रंगाचे, एकाच तेजाचे असले तर घाईत पुढचा ठिपका मागच्या दोघांच्या मध्ये न येता बाजूला बसतो; काळोखात तीन ठिपके ओळीत दिसतात आणि माणूस समजतो नेम बरोबर आहे. म्हणून जाणकार पुढचा ठिपका वेगळ्या रंगाचा किंवा ठळक कडीचा घेतात. आणि साइट चमकली म्हणून समोर कोण आहे ते दिसत नाही. त्याला टॉर्चच लागते. अंधारात आवाज आला आणि पुढे आपलाच सालदार असला तर?

आता पैशांचे. मी रक्कम परत मागितली तेव्हा शेठ वगैरे संपले. ‘पोलिसात जा ना भाऊ. हत्याराचं सामान घेतलं म्हणून तुमचंच लायसन जाईल. शिवाय रेडिओॲक्टिव्ह आहे.’ या धंद्याचा खरा आधार हा आहे. गिऱ्हाईक लायसनला जिवापाड जपते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायला आपण पहिल्या दिवशी रांगेत असतो. त्यामुळे अडतीस हजार बुडाले तरी माणूस गप्प बसतो.

मी वकिलांकडे गेलो. ते आधी हसले: ‘ट्रिटियम नाहीच म्हणता, मग ट्रिटियमचा गुन्हा कसला?’ मग गंभीरपणे म्हणाले की जे झाले ते जसेच्या तसे लिहून द्या, काही लपवू नका. धमकीत एक धागा खरा आहे, तोही त्यांनी सांगितला. शस्त्र कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात. साइट हा भाग की नुसते जोडसामान यावर वकील वाद घालू शकतात. ट्रिटियमसारख्या किरणोत्सारी वस्तूंचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. म्हणजे बॅगेतून निघालेला माल उद्या खरा निघाला, तरी कागदांशिवाय तो घेणे शहाणपणाचे नाही. परवानाधारक दुकान, पक्के बिल, आयातीची कागदपत्रे. यातले एक जरी नसले तर चमक कितीही असो, हात लावू नका.

यूपीआयच्या वीस हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्या खात्यातली काही रक्कम गोठवली गेली आहे, माझ्यापर्यंत अजून आलेली नाही. हे जितक्या लवकर कराल तितके बरे, कारण पैसे पुढे सरकले की हात चोळत बसावे लागते. ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीच्या चारशेवीसखाली, अर्ज दिला. अधिकाऱ्यांनी डबी उघडून दिवा लागतो कसा ते दोनदा करून पाहिले. माझ्या लायसनबद्दल अजून कुणी ब्र काढलेला नाही. बिल देणाऱ्या दुकानाकडून असा माल घेतला असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. माझ्याकडे बिलच नाही, म्हणून मला तो रस्ता अवघड.

कुणी समोर सेट ठेवलाच, तर पैसे देण्याआधी एवढे करा. डबीतून तुकडे काढून काळ्या कापडात गुंडाळा, स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा रात्रभर आपल्याजवळ ठेवा. पहाटे दिवा न लावता, दहा-पंधरा मिनिटे काळोखात बसून डोळे सरावले की मगच डबा उघडा. ठिपका शांतपणे चमकत असेल तर आत ट्रिटियम असण्याची शक्यता आहे. विकणारा रात्रभर माल ठेवायला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळाले.

चाचांनी माझ्या जुन्या साइटच्या मागच्या अंगाला पांढऱ्या इनॅमलचा एक ठिपका लावून दिला आणि चांगली टॉर्च घ्यायला लावली. ठिपक्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. पण झाकणात दिवा असलेली, आतून मरून मखमलीची तशीच डबी तुम्हाला कुणी दाखवली असेल, तर आपापल्या ठाण्यात लेखी कळवा आणि क्यूआरवर कुणाचे नाव आले होते तेही लिहा. माझ्या अर्जात ते नाव दिलेले आहे. दुसऱ्या कुणाच्या अर्जात तेच नाव आले तर पोलिसांना दोन्ही तक्रारी एकत्र जोडता येतील.