आतल्या टायरचे न झालेले पंक्चर

मागे जोडचाके, म्हणजे प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन चाके, असलेल्या गाडीत आतल्या टायरचा व्हॉल्व्ह सहजासहजी हाताला लागत नाही, आणि याच अडचणीचा फायदा घेऊन एका टायरच्या दुकानाने मला बराच काळ फसवले. हवा तपासणे सोपे व्हावे म्हणून मी त्या दुकानातून लवचीक नळीची व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन, म्हणजे आतल्या व्हॉल्व्हचे तोंड बाहेर हाताशी आणणारी जोडनळी, बसवून घेतली होती. नळीवर पोलादी तारेची जाळी असल्याने ती कधीच गळणार नाही, असे मला सांगण्यात आले. पुढे आतल्या एका टायरची हवा हळूहळू उतरू लागली. गाडी नेली की आतला टायर पंक्चर असल्याचे सांगत, चाक उतरवून दुकानाच्या मागच्या बाजूला नेत आणि पॅच लावल्याचे पैसे घेत.

हे इतके दिवस खपून गेले, कारण प्रत्येक वेळी चाक परत बसवताना एक्स्टेन्शनचा जोड नव्याने आवळला जाई आणि काही काळ हवा टिके. गाडीच्या हादऱ्यांनी जोड सैल झाला की गळती पुन्हा सुरू होई. अशा बहुतेक एक्स्टेन्शनमध्ये टायरच्या मूळ व्हॉल्व्हची पिन सतत दाबलेली राहते, म्हणजे टायरमधली हवा थेट नळीत येऊन थांबते; मग जोडाचे वॉशर, नळीचा कोणताही भाग किंवा टोकाची पिन, यांतले काहीही बिघडले तरी टायर रिकामा होतो. त्यात बाहेरच्या चाकाला नळी घट्ट धरून ठेवणारी क्लिप त्यांनी बसवलीच नव्हती. चाक फिरताना नळी बाहेर फेकली जाते, आणि क्लिप नसेल तर तिचा सगळा ताण जोडावर येतो.

दुसऱ्या एका अनुभवी कारागिराने पंक्चर शोधण्याआधी जोडावर साबणाचे पाणी टाकले. बुडबुडे तिथेच आले. त्याने टायर उघडून आतली बाजू मला दाखवली, तर तिथे एकही पॅच नव्हता. पोलादी म्हणून विकलेली जाळीसुद्धा चंदेरी धाग्याची निघाली.

पैसे गेल्याचा राग आहेच, पण त्याहून मोठा राग गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाशी खेळल्याचा आहे. आतला टायर बसला तरी बाहेरचा उभा असल्यामुळे ते लक्षात येत नाही. बाहेरच्या टायरवर दोघांचा भार पडतो, तो तापतो आणि भरल्या गाडीत फुटू शकतो. हातोडीने ठोकून आवाजावरून केलेली परीक्षा फार तर पूर्ण बसलेला टायर ओळखते, कमी झालेला दाब नाही, म्हणून दाब मीटरनेच आणि टायर थंड असताना पाहावा. ठरलेल्या दाबाच्या 80 टक्क्यांहून कमी हवेवर जड गाडीचा टायर चालला असेल, तर त्यात नुसती हवा न भरता तो उतरवून आतून तपासला पाहिजे.

एक्स्टेन्शनवर संशय असेल तर ते काढून टाकावे, मूळ व्हॉल्व्हवर आत रबर असलेली धातूची टोपी लावावी आणि गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी हवा तितकीच असेल तर दोष बहुधा पंक्चरचा नाही. हीच साधी तपासणी त्या दुकानाने एकदाही केली नाही, कारण त्यात त्यांनीच विकलेला माल उघडा पडला असता. मी आता नळ्या काढून पूर्ण लांबीचे धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेतले आहेत. त्यांत मधला जोडच नसतो.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा दुकानदाराने माझ्याच पावत्या पुढे केल्या. त्यांवर फक्त "टायरचे काम" एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे पॅचचे पैसे घेतल्याचे तो सरळ नाकारू शकला. म्हणून पंक्चरचे पैसे देण्यापूर्वी छिद्र आणि आतला पॅच डोळ्यांनी पाहा, आणि कोणत्या चाकाला कुठे पॅच लावला हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.