फळांचं विज्ञान-किट, सात महिन्यांनंतर (दुसरीच्या वर्गातून)

जूनच्या शेवटी आमच्या विदर्भातल्या शाळा उघडल्या, तेव्हा हे किट मागवलं होतं. साडेआठशे रुपये. बारा कार्डं, तारा, तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्ट्या, दोन एलईडी, ड्रॉपर आणि एक भिंग. वर्गात 34 मुलं. आता जानेवारी सरत आलाय, तेव्हा लिहूनच टाकते.

आधी तक्रार. ही कार्डं लिहिणाऱ्याने नागपूरचा बाजार पाहिलेला नाही. पहिल्याच कार्डावर ब्लूबेरी! शाळेच्या फाटकाबाहेर टोपलीत जांभळं असताना ब्लूबेरी कुठे शोधू? जांभळं कुस्करली, रस गाळला, पाणी घालून तीन वाट्यांत ओतला. एकीत लिंबू पिळलं तर गुलाबी, दुसरीत खायचा सोडा टाकला तर निळसर-हिरवट. तिसरीला हातच लावला नाही, नाहीतर रंग बदलला हे कशाशी ताडून बघणार? ही तिसरी वाटी कार्डावर नाही. त्या दिवशी दोन गणवेश जांभळे झाले आणि संध्याकाळी मला फोनही आले. आदल्या दिवशी डायरीत ‘जुने कपडे’ असं लिहून द्या.

बुडतं की तरंगतं, हे कार्ड मी मुद्दाम नोव्हेंबरपर्यंत ठेवलं. अंबिया बहाराची, म्हणजे वर्षातल्या पहिल्या हंगामाची, संत्री तेव्हा स्वस्त असतात. सालीसकट संत्रा तरंगला. सोललेला बुडेल, असं कार्ड म्हणतं. आमचा बादलीत मधेच लटकून राहिला. मागून आवाज आला, “मॅडम, हा बुडूनच नाही राहिला!” मीही गडबडले. एका मुलीने बोटाने दाबला, तर मधल्या भोकातून तीन-चार बुडबुडे आले आणि तो हळूच तळाला गेला. आपल्या संत्र्याची साल सैल असते आणि फोडींच्या मधोमध पोकळी असते. साल काढली तरी तिथली हवा उरली होती. मग पोट्ट्यांनी एकेक फोड सोडून पाहिली. मराठीचा तास गेला, जाऊ दे.

खोक्यावर एका लिंबावर दिवा पेटलेला दाखवलाय. पेटत नाही. एका लिंबाला तांबं आणि जस्त टोचलं की साधारण 0.9 व्होल्ट मिळतात, आणि लाल एलईडीला जवळजवळ 2 लागतात. चार कागदी लिंबं ओळीने जोडली, एलईडीचा लांब पाय तांब्याकडे ठेवला, खिडक्या लावल्या, तेव्हा मिणमिणता उजेड दिसला. ती ऊर्जा लिंबाची नाही, जस्त झिजतं त्यातून येते. म्हणून तर किटमधल्या पट्ट्या तिसऱ्या खेपेला काळ्या पडल्या. हार्डवेअरच्या दुकानातले जस्त चढवलेले खिळे चालले. ती लिंबं नंतर सरबताला वापरू नका, धातू उतरलेला असतो. मावशींनी ती उचललीच होती, मी धावत जाऊन थांबवलं.

सगळ्यात आवडता प्रयोग किटमध्ये नाहीच. मेडिकलमधून आयोडीन आणलं. कच्च्या केळ्याच्या चकतीवर थेंब टाकला, क्षणात काळीनिळी. डाग पडलेल्या पिकल्या केळ्यावर मात्र थेंब तपकिरीच राहिला. कच्च्यातला स्टार्च पिकताना साखर होतो, असं सांगितलं, तर एकाने विचारलं, “साखर टाकली कोणी?” त्यावर अर्धा तास गेला. चकत्या लगेच कचऱ्यात टाका, खायला हात पुढे येतात.

फुग्याचं कार्ड मात्र झकास. संत्र्याची साल फुग्याजवळ दुमडून पिळायची, तेलाचा फवारा बसला की फुगा फट्! सालीतलं लिमोनीन रबर विरघळवतं. जाड फुगे हटून बसतात, पातळ घ्या आणि चांगले ताणून फुगवा. फवारा डोळ्यात गेला तर फार चुरचुरतं, तेव्हा पिळायचं काम मीच करते.

परत घेईन का? नाही. तारा आणि एलईडी नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळतात, बाकी भाजीवाल्याकडे. भिंग तेवढं चांगलं निघालं, संत्र्याच्या सालीवरचे तेलाचे ठिपके त्यातून दिसतात.

फेब्रुवारीत मृग बहाराचा, म्हणजे दुसऱ्या हंगामाचा, माल येईल. अंबियाच्या एका संत्र्याची साल किती भरली, ते पोरांनी वहीत लिहून ठेवलंय. आता मृगाची तोलायची, हेही त्यांनीच ठरवलंय. तराजू घरून आणायची पाळी माझी.